बिननावाचा ड्राइव्ह

नाय काका, आपोआप नाय होत. आपोआप फक्त लाईट जाते. एकशेवीस जीबी आपोआप गायब व्हायला ते काय मांजर हाय — बसा, बसा, खुर्ची जरा हलती, भिंतीला टेकवा. तर काळा स्क्रीन आला, पांढरी अक्षरं, वर लिहिलेलं ग्रब रेस्क्यू — आणि तुम्ही काय केलं? बंद-चालू. किती वेळा? अकरा. बरं केलं, अकरा आवर्तनं झाली, प्रसाद वाटला का नाय? घाबरू नका, तुमचं विंडोज जितं हाय, तुमचं पंचांग, तुमच्या सोसायटीच्या नोटिसा, सगळं जागेवर. पण चालू करताना दारात एक वॉचमन बसायचा — विंडोज पाहिजे का ती दुसरी सिस्टीम, लिनक्स, असं इचारायचा — त्याची यादी होती ह्याच लॅपटॉपमधी तुमच्या पोरीच्या, अश्लेषाच्या भागात, अन् तो भागच तुम्ही उडवला. आता तो दारात उभा हाय, अन् आत कुणाला सोडायचं ते त्याला ठाऊक नाय.

कामून उडवला पण? घटाची साफसफाई? म्हणजे मीनाक्षीकाकूंनी माळा घेतला, गाद्या घेतल्या, सगळी भांडी घासली — अन् तुम्ही लॅपटॉप घेतला. बरोबर हाय, अवजड काम कुणीतरी करायलाच पाहिजे. तर तिथं एक ड्राइव्ह दिसला, नाव नाय, गाव नाय, उघडत नाय, म्हणून तो रिकामा. काका, तीस वर्षं बँकेत काढली ना तुम्ही? तिथं उघडत नसलेल्या लॉकरला रिकामं म्हणायचे का? विंडोजला लिनक्सची भाषा वाचता येत नाय, एवढंच. आपल्याला वाचता येत नाय म्हणून दुसऱ्याची वही रद्दीत घालायची — लई चांगली साफसफाई.

आता एक खरं सांगा, डिलीट केल्यावर त्या जागेत काय भरलं? फोटो, कीर्तनं, नातवाचा वाढदिवस? काहीच नाय? नक्की? मग नशीबवान हाय तुम्ही. नुसतं डिलीट म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडलं, जमीन तिथंच हाय. हा पेन ड्राइव्ह लावला, आता तो जमीन धुंडाळतो — चाळीस टक्के झालं. हात नका लावू. हो, त्या माउसला पण नका लावू.

काय म्हणता? चिठ्ठी? कसली चिठ्ठी? हार्डडिस्क खराब झाली म्हणून — दुकानाच्या शिक्क्यासकट. अस्सं. म्हणजे नाय सापडलं तर अश्लेषा इचारल, वर्षभराचा प्रोजेक्ट कुठं गेला, सोमवारी कॉलेजात काय दाखवू, तर तुम्ही माझी चिठ्ठी पुढं करणार. लई हुशार. कॉलेजकडून शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत ट्रेनिंगला जाऊन दिवसभर कम्प्युटरवर बसणारी पोरगी, तिला ही चिठ्ठी पटल. डिस्क चांगली का वाईट, हे बघायला तिला दोन मिनिटं लागतात, काका. दोनसुद्धा नाय. माझ्या मोनालीला तेवढी पण नाय लागली.

नाय, गिऱ्हाईक नाय. माझी पोरगी. याच टेबलावर शिकली. तिनं पण असंच लिनक्स टाकलं होतं, त्यात काहीतरी प्रोग्राम लिहीत बसायची — मला वाटलं खेळ चाललाय. मला एका गिऱ्हाइकाचा डेटा ठेवायला जागा पाहिजे होती, तर मी तिचा भाग उडवला अन् वर तो डेटा भरला. मी, ज्याला सगळं कळतं. अन् सांगितलं काय, तर डिस्क गेली बेटा, आपल्या हातात काय असतं. तिनं गुपचूप डिस्क काढली, तपासली, माझ्यापुढं ठेवली. पप्पा, डिस्क चांगली हाय — एवढंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षं झाली, पुण्यात हाय, चांगली नोकरी हाय, आईला रोज फोन करती. माझा उचलत नाय. प्रोग्राम तिनं परत लिहिले असते हो, ते नाय — जाऊ द्या, तुम्हाला काय करायचंय.

हे बघा, सापडला. एकशेवीस जीबी, जसाच्या तसा. नाय, हसू नका इतक्यात. पोरीनं आत कुलूप घातलंय, पासवर्ड मागतंय. तो टाकून आतलं शाबूत हाय का बघितल्याशिवाय मी ह्या डिस्कवर एक अक्षर लिहिणार नाय, अन् पासवर्ड तुमच्या अश्लेषालाच ठाऊक. जन्मतारीख? टाकून बघितली, ती तुमच्यासारखी नाय. सहाला कंपनीची बस तिला घरी सोडती ना? त्याच्या आधीच लावा फोन. मी कामून बोलू? मी कोण तिचा? वॉचमन मेला, व्हायरस आला, अपडेट झालं — ह्यातलं काही सांगायचं नाय. मी डिलीट केलं, चुकलं, आता पासवर्ड दे. एवढेच शब्द हायत. मला त्या वेळी सुचले नव्हते.

लावा. स्पीकर बंद करा, मला नाय ऐकायचं, मी बाहेर टपरीवर थांबतो.

उचलला? एका रिंगमधी उचलला?

मग माझ्याकडं काय बघता, काका. बोला तिच्याशी.