दोन मैल आत

...आणि विचारतो कोणाला? तर मला! आमचा रमाकांत हो, खालच्या मजल्यावरचा. नाताळच्या सुट्टीत मुलांना शिवपुरीकडचे डोंगर दाखवायचेत त्याला, म्हणून सकाळी कागद-पेन्सिल घेऊन वर आला नि म्हणतो, "लक्ष्मीकांतराव, आठ वर्षं तुम्ही त्या रस्त्याने जाऊन-येऊन राहिलात, लोकांना फारशा माहीत नाहीत अशा दोन-चार जागा सांगा की." मी? मी जागा सांगू? अहो, तुम्हाला सांगतो, त्या रस्त्यावर मी काय काय पाहिलंय ते ऐका. ट्रकची ताडपत्री पाहिली, ताडपत्रीची दोरी पाहिली, दोरीची गाठ पाहिली, गाठ सुटली तर नाही ना म्हणून मान वळवून वळवून पाहिली, त्यात मानेत उसण भरली ती वैद्याने पाहिली... डोंगर? डोंगर असणार. चढावर ट्रक घरघरायचा, त्यावरून सांगतो!

बसा ना, बसा. उद्या भोपाळची गाडी आहे, सामान सगळं बांधून झालंय, पण कपबशा बाहेर ठेवायला सांगितल्या होत्या मी, निरोप द्यायला आमच्या गोरखी मोहल्ल्यातले सगळे येणार म्हणून.

तर मूळ दुखणं कुठे सुरू झालं? मध्यभारत झालं तिथे. संस्थानं विलीन झाली, चांगलं झालं, पण राजधानी ग्वाल्हेर की इंदूर यावर एवढी ओढाताण, एवढी ओढाताण, की शेवटी ठरलं, दोन्ही! हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. म्हणजे काय, तर एप्रिल लागला की अख्खं दफ्तर उठायचं... टेबलं, फायली, दौती, साहेब, साहेबांच्या बायका, बायकांच्या लोणच्याच्या बरण्या... चालले इंदूरला. ऑक्टोबर आला की त्याच बरण्या परत. वर्षाला दोन खेपा, आठ वर्षं, मोजा तुम्हीच. सोळा!

आता बाकीचे कारकून बायकामुलांसकट बसने जायचे, गात-बजावत, भेंड्या लावत. आणि मी? मी ट्रकमध्ये. कारण पहिल्याच वर्षी आमचे सुपरिंटेंडेंट तात्यासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लक्ष्मीकांत, रेकॉर्डच्या अकरा पेट्या आहेत, मोहोरबंद. तुमच्या भरवशावर." झालं! भरवसा हा शब्द कोणी उच्चारला की मी गेलो कामातून. पुढे ड्रायव्हर दौलतसिंह, शेजारी मी, मागे पेट्या, आणि बस आमच्या मागून सावकाश.

तर शिवपुरी सोडलं, कोलारसही गेलं, की पुढे एका वळणावर खिरणीचं झाड लागतं. तिथे दौलतसिंह इंजिनात पाणी घालायला थांबायचा आणि पहिल्याच खेपेला म्हणाला, "बाबूजी, यहाँ से दो मील अंदर झिरी का कुंड है। पहाड़ से बारहों महीने पानी टपकता है। ऊपर से तीन तरफ़ की घाटी दिखती है। चलेंगे?" मी म्हटलं, "और पेटियाँ?" तो म्हणाला, पेट्यांना काय पाय आहेत का. मी म्हटलं, "अगली बार देखेंगे। सरकार कहीं भागी जा रही है क्या?"

इथपर्यंत ठीक होतं हो. पण मी मूर्ख, इंदूरला पोचल्यावर जेवताना हे विमलला सांगितलं! तुम्ही ओळखता तिला. जन्म गोरखीत, शाळा गोरखीत, सासर गोरखीत. डोंगर म्हणजे किल्ल्याची टेकडी, आणि पाणी म्हणजे नळाचं, तेही आलं तर. लग्नाला बारा वर्षं झाली होती तेव्हा, कधी साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. ती हातातला घास तसाच ठेवून म्हणाली, "अहो, आपण जाऊ या ना तिथे. दोघंच." आणि मी काय म्हणालो? पुढच्या खेपेला जाऊ, सरकार काय पळून चाललंय?

पुढच्या खेपेला पाऊस रेंगाळला होता, ताडपत्री गळत होती, नाही जमलं. त्याच्या पुढच्या खेपेला एका पेटीला वाळवी लागल्याचा मला संशय आला. त्याच्या पुढच्या खेपेला वाळवी नव्हती, पण असती तर? पाचव्या खेपेला तर दौलतसिंह ट्रक वळवायलाच लागला होता, मीच स्टिअरिंग धरलं! आणि दर खेपेच्या आधी आठ दिवस विमल हळूच म्हणायची, "या वेळी जायचं का हो?" ते पहिलं जेवताना म्हणाली ते धरून सोळा वेळा म्हणाली. एकदाही चिडून नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, भांडणाला मी भितो, गेलो असतो. पण नाही, ती हसून विचारायची आणि मी हसून सांगायचो, पुढच्या खेपेला, सरकार काय पळून चाललंय?

आणि त्या बसचा एक वेगळाच ताप. ट्रक पोचायचा वेळेवर, बस मात्र दर खेपेला तीन तास उशिरा! विचारलं की सगळे एका सुरात, "बस तापली होती." शेजारच्या मंदाताई तेच, कारकून तेच, आमचा शिपाई उमाजी तेच, खुद्द तात्यासाहेबही तेच, पण ते खिडकीबाहेर बघत. मी दर वेळी रीतसर तक्रार लिहिली. बस नादुरुस्त आहे, कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना भर रस्त्यात त्रास होतो. तात्यासाहेब तक्रार वाचायचे, मान हलवायचे, खणात ठेवायचे. तुम्हाला सांगतो, मला वाटायचं, एवढा मोठा अधिकारी, पण बसपुढे हतबल!

आणि मग आली ही पुनर्रचना. मध्यभारत संपलं, मध्यप्रदेश झाला, राजधानी ना ग्वाल्हेर ना इंदूर, भोपाळ! आमचं लश्कर, ग्वाल्हेरचं अख्खं शहर, हळहळलं. बाजारात माणसं घोळक्याने उभी, ग्वाल्हेरचा मान गेला, दरबारच्या वेळचा थाट गेला, आता इथे कोण येणार... मीही त्या घोळक्यात उभा होतो, माझाही चेहरा पडलेला. पण खरं सांगू? मला ना थाट आठवत होता ना मान. मला ते खिरणीचं झाड आठवत होतं. भोपाळला जायचं म्हणजे आगगाडीने सरळ. तो रस्ताच बंद झाला हो माझ्यासाठी! आठ वर्षं बायकोला सांगत होतो, सरकार काय पळून चाललंय, आणि सरकार पळालं!

त्यावर कडी ऐका. नवा अधिकारी आला, म्हणाला, या अकरा पेट्यांत आहे काय? मोहोर फोडली. दरबारच्या शिकारीचे तंबू कोणत्या साली कुठल्या रानात ठोकले, त्याच्या नोंदी! सोळा खेपांत एकही पेटी कोणी उघडली नव्हती. तो म्हणाला, "इन्हें यहीं रहने दीजिए।" म्हणजे पेट्या राहणार ग्वाल्हेरला आणि मी चाललो भोपाळला!

त्या दिवशी घरी आलो, टोपीही काढली नाही, म्हटलं, विमल, चल, उद्याच. दिवाळी नुकतीच उरकली होती, नवं राज्य होऊन आठवडा झाला असेल. ती बघतच राहिली माझ्याकडे. मग दशम्या करायला बसली.

स्वतःच्या पैशाने मोटारीचं तिकीट काढून त्या वळणावर उतरलो. मी पुढे, हातात काठी, अगदी वाटाड्या! विमल मागे. फाटा आला. मी म्हटलं, "उजवीकडे असेल." मागून हळूच आवाज, "डावीकडे." मी म्हटलं, तुला काय ठाऊक? तर म्हणते, "उजवीकडे शेत लागतं. कुत्रं आहे तिथे." म्हटलं, बायकांना अंदाज असतो. पुढे दगडी पायऱ्या लागल्या, मी पाय टाकणार तेवढ्यात, "ती नको, शेवाळ आहे, कडेकडेने या." माझ्या डोक्यात तरी प्रकाश पडावा? नाही पडला! वर पोचलो, तिथे महादेवापुढे एक म्हातारी झाडत होती, तिने विमलला पाहिलं, झाडू टाकला, दोन्ही गालांवरून हात फिरवले आणि म्हणते, "आ गईं बिन्नू? और जेई हैं का तुमाए पेटी वारे बाबू?"

लेकी, हेच का तुझे पेटीवाले बाबू! मी विमलकडे पाहिलं. ती पाण्याकडे पाहत होती.

काय जागा आहे हो ती... सबंध कडा हिरवागार, आणि त्याच्यावरून थेंब, हजारो थेंब, उन्हात चमकत खाली येतात, आवाज अगदी बारीक. आणि वरच्या दगडावर उभं राहिलं की तीन बाजूंना डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, शेवटची तर आभाळातच मिसळलेली. मला रडू आलं, लाज कसली सांगायची. सोळा वेळा मी याच्यापासून दोन मैलांवर बसून गाठ बघत होतो!

मी विचारलं, "किती वेळा आलीस?"

"दर खेपेला."

"आणि ती बस तापायची ते?"

"तापायचीच हो. इथेच तापायची."

तात्यासाहेबसुद्धा! पंचा नेसून त्या धारेखाली बसायचे म्हणे, माझ्या खांद्यावर भरवसा ठेवून! नि मी त्यांनाच तक्रारी देत होतो! एप्रिलात धार करंगळीएवढी, ऑक्टोबरात मनगटाएवढी, चिरौंजीचं, म्हणजे चारोळीचं झाड कुठलं, माकडं कुठून येतात, सगळं सगळं तिला पाठ. मी म्हटलं, मग मला का विचारत होतीस दर वेळी? म्हणाली, "तुमच्याबरोबर नव्हतं ना पाहिलं."

सांगायचं तरी होतंस, म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही पुढच्या खेपेला जाऊ असं म्हणायचात. मी सांगितलं असतं तर तेवढं म्हणणंही तुम्ही सोडलं असतंत."

मी उठलो आणि कड्याखाली कोरडी जागा होती तिकडे जाऊन तोंड फिरवून उभा राहिलो... तर समोर दगडावर गेरूने काहीतरी लिहिलेलं. अक्षर उमाजीचं! वर मथळा, 'मध्यभारत शासन', खाली आमच्या खात्यातल्या सगळ्यांची नावं, ज्येष्ठतेनुसार, समोर सोळा रकाने. हजेरी मांडली होती पठ्ठ्याने! तात्यासाहेब, सोळा वेळा हजर. बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, पंधरा, एकदा त्यांना गोवर झाला होता. बायकांची वेगळी यादी, त्यात विमल, सोळा. आणि माझ्या नावासमोर ओळीने गैरहजर, गैरहजर, गैरहजर... सोळाही!

अहो, बावीस वर्षांची नोकरी माझी! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सही केलीय मी मस्टरवर, वडील गेले तेव्हासुद्धा हक्काची तेवढीच रजा घेतली, वर एक दिवस नाही. खाली गेरूचा खडा पडला होता, उचलला, हात वर नेला... आणि थांबला हात. तो मथळा! ते शासन आठवड्यापूर्वीच बरखास्त झालं, आता त्याच्या मस्टरवर सही कशी करणार? विमल मागून म्हणाली, "करा हो. कोण बघतंय?" मी खडा खाली ठेवला. मग दोघं बसलो, दशम्या खाल्ल्या, संध्याकाळच्या मोटारीने परत आलो.

आणि काल भोपाळहून नवी ज्येष्ठता यादी आली. चार राज्यांचे कारकून एकत्र केलेत, हजारोंनी नावं, त्यात माझं बरंच वर आहे. शेरा लिहिलाय, बावीस वर्षं अखंड हजेरी. सगळे अभिनंदन करून राहिलेत, तुम्हीही केलंत आत्ता दारात... मला दगडावरचे ते सोळा रकाने दिसतात. मी नव्हतो हो तिथे.