शालिनीचा नारळ

कादंबरीच्या नादापायी दुकानदाराचं नुकसान कसं होतं, ते ऐका. आर्वीत टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. गिऱ्हाईक नसलं की मी गादीवर बसून कादंबरी उघडायचो. एका बाजाराच्या दिवशी रोहण्याची कौसाबाई मीठ घ्यायला आली, तर माझे डोळे भरलेले.

"काऊन रडून राह्यले, शेटजी? कोनी गेलं का?"

"नाई वं. या कादंबरीतली शालिनी लय बिमार हाय."

मला वाटलं, बाई हसेल. तिनं पिशवी खाली ठेवली. "काय झालं तिले? सासरचे पाह्यते का तिच्याकडं?" सगळं ऐकून घेतलं, मगच मीठ मागितलं.

पुढच्या बाजारी तिनं पायरीवरूनच विचारलं, "शालिनी कशी हाय?"

शालिनी आदल्याच दिवशी शेवटच्या पानावर वारली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कौसाबाई म्हणाली, "मी मारुतीले नवस बोलली तिच्यासाठी. पुस्तकातली असली म्हून काय झालं, पोरगीच हाय ना."

आता काय सांगणार? "बरी झाली," मी म्हणालो. "दवाखान्यातून घरी आली."

आतून माझी बायको खोकली. ती कादंबरी तिनं माझ्या आधी वाचली होती.

कौसाबाईचा चेहरा उजळला. "मंग नारळ द्या एक, चांगला पाहून."

मी नारळ दिला आणि भाव सांगितला. तर म्हणते कशी, "पैसे कायचे, शेटजी? नवस मी बोलली, पन पोरगी तुमची हाय."