चालणारं झाड आणि बसलेली ठकू

...नाही, माझं म्हणणं एवढंच, झाड द्यायचंय तर द्यावं, पण 'काही करावं लागत नाही त्याला' असं सांगून का द्यावं? माझ्या नणंदेनं दिलं. वॉकिंग आयरिस. ऊन नको, मोठी जागा नको, दाराबाहेर सावलीत कुंडी ठेवायची, माती ओलसर ठेवायची, संपलं. वर म्हणाली, "वहिनी, हे झाड चालतं बरं का," आणि हे म्हणताना बघितलं कुठे सांगू? चटईवर बसलेल्या माझ्या ठकूकडे!

ठकू तेव्हा सव्वा वर्षाची. बसते ती अशी की एखादा साहेबही खुर्चीत इतका ठाम बसत नसेल. धरून उभी राहते, पण पाऊल नाही. डॉक्टर म्हणतात चालेल, नवरा म्हणतो चालेल. मी शिकलेली बाई आहे, प्रत्येक मूल आपापल्या वेळेनं चालतं हे मी चारचौघांत छान समजावून सांगते आणि मग बाथरूमची कडी लावून फोनवर तेच पुन्हा शोधते.

आणि त्यात हे झाड. माती ओलसर ठेवा म्हणे. ठेवली, तर चिलटं झाली. कुंडीतली चिलटं घरात, घरातली दुधाच्या बाटलीवर. कुंडीखाली गोगलगाई, त्या बिनशंखाच्या, उघड्यावाघड्या... शी! आणि ठकूनं त्यातली माती तोंडात घातली, मी बोट घालून काढली, तर ती माझं बोट चावून हसली. काही करावं लागत नाही!

पंख्यासारखी पानं तेवढी वाढत होती. बारा पानं झाल्याशिवाय फूल नाही, अशी समजूत आहे म्हणे, म्हणून मी दात घासता घासता पानं मोजायची. शेवटी फुललं. पांढरं-निळं, सुरेख असतं असं ऐकलंय. ऐकलंय म्हणते, कारण ते फूल एकच दिवस टिकतं आणि नेमका तो दिवस आमचा ठकूच्या लसीच्या रांगेत गेला. घरी आलो तेव्हा देठावर भिजल्या टिश्यूसारखा चिकट लगदा, तोही माझ्या बोटाला लागला.

बरं, फूल गेलं, सुटले? छे! जिथे फूल होतं तिथेच एक पिल्लू-झाड धरलं. त्याच्या वजनानं दांडा वाकतो, टोक मातीला टेकलं की तिथे मुळं फुटतात, हेच त्याचं चालणं. आणि आमचं झाड चालत कुठे गेलं? शेजारच्या काकूंच्या कुंडीत!

काकू म्हणजे निवृत्त पी.टी.च्या बाई. शिट्टी गेली, आवाज राहिला. आमची दारं काटकोनात, दोघींच्या कुंड्या कोपऱ्यात, मधून जिन्याकडे जायची अरुंद वाट. एकदा मला म्हणाल्या होत्या, "खाली ठेव की तिला. उचलून उचलून तूच पांगळी करशील." तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांना ते कळलंच नाही, ही गोष्ट वेगळी. आणि आता आमच्या दोन कुंड्यांमध्ये हा दांडा, आडवा. काकूंचा हुकूम, मुळं धरेपर्यंत तोडायचं नाही, हलवायचं नाही. म्हणजे रोज ठकू कडेवर, बाबागाडी डोक्यावर, आणि दांड्यावरून उडी. शिवाय काकू त्याला केळ्याच्या सालींचं कुजवलेलं पाणी घालायच्या. तो वास... जाऊ दे, तुम्ही आत्ताच जेवला असाल.

एक दिवस माझं डोकं फिरलं. ठकूला चपलांच्या कपाटाला धरून उभं केलं आणि कात्री घेऊन बसले. काकू दारातच. "आधी मुळं धरलीत का बघ." नाक दाबून मातीत बोटं घातली. काहीतरी थंडगार बुळबुळीत लागलं, मुळं नव्हती ती. श्वास रोखून पिल्लू हळूच ओढून बघितलं, जागचं हललं नाही.

"धरलीत, काकू."

ठकूचा आवाज नाही. ही असली शांतता आयांना चांगली कळते. मान वर केली, तर कपाटापाशी कुणी नाही. ठकू काकूंच्या दारात, त्यांच्या गाऊनचा घोळ मुठीत धरून उभी!

"चालत आली?" मी विचारलं.

"मग काय उडत? काही करावं लागलं नाही तिला."

इतके महिने मी त्या पावलांकडे डोळे लावून बसले होते हो, आणि पावलं पडली तेव्हा मी गोगलगाय चाचपत होते! पुन्हा चाल म्हटलं, तर ठकू बसली. ठाम. माझे डोळे भरून आले, तेही मातीच्या हातांनी पुसले.

काकू जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "रडतेस काय? मी आत जाऊन बसते. आता चालेल ती तू बघ."

आणि खरंच गेल्या आत. ठकू उठली आणि चालली की... त्यांच्या मागोमाग, त्यांच्या घरात.

तेव्हापासून रोज हेच. लेकीची चाल मला अजून पाठमोरीच दिसते. दांडा कापला, तर झाडानं नवा काढला, त्याच दिशेनं. मी कुंडी फिरवून ठेवली. ठकूलाही फिरवून ठेवली. दोघंही वळून पुन्हा काकूंच्याच दाराकडे.

काही करावं लागत नाही!