आईचा निळा

एवारिस्त : हे नाही, लिझेत.

लिझेत : नीट बघा, पापा. दारांवर तेच हिऱ्यासारखे पैलू. म्युझियमच्या पाटीवर गाव कामुरास्का लिहिलंय. आपल्याच बाजूचं कपाट.

एवारिस्त : आपल्या बाजूला प्रत्येक सुतार असंच कोरायचा. आपलं निळं होतं. होडीला लावून उरलेला रंग आई दर ईस्टरला त्याच्यावर चढवायची. ह्याला तर उकडलेल्या बटाट्यासारखं सोललंय.

लिझेत : जुन्या वस्तूंचे व्यापारी रंग उतरवायला कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवायचे. शहरातल्या गिऱ्हाइकांना नुसतं लाकूड हवं असायचं. म्युझियमकडे आलं तेच असं.

एवारिस्त : आपलंही व्यापाऱ्यानंच नेलं. दिलं मीच. आई चर्चला गेली होती. बदल्यात फॉर्मायकाचं टेबल घेतलं, चकचकीत. वाटलं, खूश होईल.

लिझेत : काय म्हणाली आजी?

एवारिस्त : कपड्यांच्या घड्या घातल्या, जमिनीवर रचल्या. मरेपर्यंत त्याच टेबलावर जेवली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लिझेत : पापा...

एवारिस्त : तू शिकलेली. मघापासून वाकून बघतेयस. सांग, आपलं आहे?

लिझेत : नाही. तुमचंच बरोबर. दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

एवारिस्त : वाटलंच मला. चल, कुठंतरी मटारचं सूप पिऊ. भूक लागलीय.

(दुसऱ्या दिवशी पहाटे एवारिस्त झोपेतच गेले. आता गावात, उघड्या शवपेटीजवळ लिझेत आणि एवारिस्तची बहीण इमेल्दा.)

इमेल्दा : हसतोय बघ तुझा बाप. जिवंतपणी फोटोतसुद्धा हसला नाही कधी.

लिझेत : शांत दिसतात, आत्या.

इमेल्दा : त्या संध्याकाळी फोन केला होता मला. म्हणाला, "ते आपलं नव्हतं, इमेल्दा. आपलं कुणाच्या तरी घरात असेल. निळंच. आत पोरांचे सदरे." इतकी वर्षं आईचं नाव काढलं की उठून जायचा. त्या दिवशी तिच्याबद्दलच बोलत बसला.

लिझेत : मला जरा एकटीला बसू दे त्यांच्यापाशी.

इमेल्दा : बस, पोरी. जपमाळ सुरू झाली की हाक मारते.

लिझेत : पापा. ते आपलंच होतं. दाराच्या आतल्या कडेला एक रेघ राहून गेली होती. निळ्याखाली निळा, त्याखाली पुन्हा निळा. एकेका ईस्टरचा. आजीचं तेवढंच उरलंय. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, म्हणून नाही म्हणाले. आता ते माहीत असलेली मी एकटीच आहे, पापा.