हाराला हात लावू नका

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव माननीय बलभीमराव, सत्कारमूर्ती प्राचार्य रणधीर सर, सरांना इतकी वर्षं घरी सांभाळून घेणाऱ्या आदरणीय वहिनी, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि मागच्या रांगेत जेवणाच्या वासाकडं तोंड करून बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

मी भुवनेश्वरी. या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. सरांच्या कर्तृत्वाबद्दल चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. आधीच्या वक्त्यांनी इमारत, पाण्याची टाकी आणि शिस्त हे तिन्ही विषय संपवले. माझ्या वाट्याला कार्यालयातला कॉम्प्युटर उरला. तर कॉम्प्युटर.

बलभीमरावांच्या दूरदृष्टीमुळं आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स आहे. ते फुकट मिळतं हे कळल्यावर त्यांची दूरदृष्टी आणखी वाढली. अध्यक्ष स्वतःच हसताहेत, म्हणजे मला पुढं बोलायला हरकत नाही.

यंदा खंडेनवमीला सरांनी त्या कॉम्प्युटरची पूजा स्वहस्ते केली. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा भरगच्च हार, सगळं यथासांग. आता मॉनिटरला गळा नसतो. पण असल्या किरकोळ अडचणीपुढं सर कधी थांबलेत का? त्यांनी हाराची दोन्ही टोकं मागं नेली आणि तिथल्या केबलला गाठ मारून घट्ट बांधली.

सुट्टीनंतर कार्यालय उघडलं, तर स्क्रीन फुगलेली. अक्षरं दुकानाच्या पाटीवर असतात तेवढी, आणि बारावीच्या परीक्षेचे फॉर्म अर्धेमुर्धेच दिसताहेत. रिझोल्यूशन आपोआप बदललेलं. स्क्रीनचं माप ज्या खिडकीतून बदलायचं, त्या खिडकीचं बटणसुद्धा स्क्रीनच्या बाहेर गेलेलं!

फॉर्म भरायचं काम मिनाजकडं. मिनाज म्हणजे आपली कंत्राटी ऑपरेटर, ती बघा, दाराजवळ उभी आहे. तिनं खटपट करून मापांची यादी उघडली, तर नेहमीचं माप यादीतच नाही. ती म्हणाली, "सर, मागची पिन बघते. हार जरा बाजूला घेऊ का?"

सर म्हणाले, "तुम्ही त्या हाराला हात लावायचा न्हाय. वाळला की आमचा आमी काढू."

त्यातल्या 'तुम्ही'वर सरांनी दिलेला जोर मला ऐकू आला. मिनाजलाही आला असणार, कारण त्यानंतर तिनं हाराचं नाव काढलं नाही. मला तेव्हा सरांचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. निरोपाच्या भाषणात हे बसत नाही, ठाऊक आहे. पण आता बोलून झालं.

मग सरांनी चौकशी हाती घेतली. सर भूगोलाचे, त्यामुळं चौकशी खोलवर गेली. आधी विजेचा दाब तपासला. मग टेबलाची दिशा बदलली. मग धाराशिवहून सरांचे भाचे श्रीनाथराव आले. त्यांनी चहा घेतला, स्क्रीनकडं पाहिलं आणि निदान केलं, "मामा, फुकटातलं हाय, असंच व्हणार." तरी मामांचा मान राखून त्यांनी जुनं लिनक्स पुसलं आणि नवं टाकलं. नवं लिनक्सही तितकंच फुगलेलं निघालं. हार जागच्या जागी होता. त्याच्यावर संशय घेण्याचं पाप कोण करणार?

इकडं मिनाज रोज सकाळी काळ्या खिडकीत कसलीशी आज्ञा टाइप करायची, स्क्रीन जागेवर आणायची आणि फॉर्म भरायची. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं की स्क्रीन पुन्हा फुगलेली. पण एकाही पोराचा फॉर्म राहिला नाही. सरांनी हे बारकाईनं पाहिलं आणि निष्कर्ष काढला: जिला स्क्रीन नीट करता येते, तिनंच ती बिघडवलेली असणार! काय तर्क आहे! या हिशोबानं गावातल्या प्रत्येक आजाराला डॉक्टरच जबाबदार. मिनाजला कारणे दाखवा नोटीस गेली: 'कार्यालयीन यंत्रात हेतुपुरस्सर फेरफार.' आणि तिचा करार पुढं वाढवायचा नाही, असा शेराही पडला.

पुढं दिवाळीची साफसफाई आली. आपल्या तुळजाबाईंनी वाळका हार ओढला, त्याबरोबर केबलही निघाली आणि स्क्रीन काळीठिक्कर. त्या घाबरल्या. "म्या काय केलं न्हाय बाई, हार काढला अन् वायरच हातात आली!" मिनाजनं पिन सरळ दाबून बसवली, आणि स्क्रीन आपल्या मूळ मापात हजर. हाराच्या ओढीनं पिन तिरकी झाली होती, एवढंच. चित्र येत होतं, पण समोरचा मॉनिटर केवढा हे मशीनला कळत नव्हतं. मग त्यानं बिचाऱ्यानं अंदाजानं लहान माप धरलं.

स्क्रीन सुधारली. नोटीस तशीच आहे. मी सरांना विचारलं, तर म्हणाले, "दिलेली नोटीस मागं घेतली तर शिस्त बिघडती, मॅडम."

तर मंडळी, आज या कॉलेजातून दोघं कार्यमुक्त होताहेत. एकाला शाल, श्रीफळ आणि जेवण. दुसरीला उद्यापासून येऊ नका. सर, तुमच्या सहीचा आज शेवटचा दिवस आहे. नोटीस रद्द करून करार वाढवायचा कागद बलभीमरावांच्या पुढ्यात ठेवलाय. त्यांची सही झाली आहे, तुमची राहिली आहे. त्या शेजारी सत्काराचा हार आहे. तो तबकातून उचलून अध्यक्षांच्या हाती मिनाज देणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पण सही झाल्याशिवाय आपण हाराला हात लावणार नाही, असं तिनं मला सांगितलंय. काय करणार, तुमचाच आदेश आहे तो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंदुणं निघालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावं. सरांना ते जमणार नसेल, तर मलाही नोटीस द्यावी, मात्र कार्यालय बंद व्हायच्या आत, नंतर तो अधिकार राहणार नाही.

सर, पेन हे घ्या. मिनाज, तू पुढं ये गं. आम्ही थांबलोय.