डुलणं आणि झोक जाणं

डॉक्टर : पण 'डुलत चालतात' म्हणजे नेमकं कसं? हे तर आत्ता दारापासून खुर्चीपर्यंत भिंत धरून आले.

बायको : ते तुम्हाला घाबरून. एरवी डुलतच चालतात. दिवसभर लोकांच्या भिंती रंगवून गल्लीत शिरले, की शेजारीण हाक मारते, आली बघ तुझी स्वारी डुलत. लग्नाआधीपासून तसेच. मला तर चाल बघूनच पसंत पडले.

रंगारी : हे कशाला आता?

डॉक्टर : सांगू दे त्यांना, त्यावरच सगळं आहे. नसांचं दुखणं नवं असेल, चार-सहा महिन्यांतलं, तर औषधाने तोल परत येतो. जुनं असेल तर येत नाही. शिडी तर सुटेलच, पुढेमागे चालणंही.

बायको : मग नवंच आहे. परवा पाय घसरला, त्याआधी काही म्हणजे काही नव्हतं. डुलणं हे काय दुखणं झालं? माणूस खुशीत असला की डुलतो.

डॉक्टर : डुलतो तो आपण होऊन. झोक जातो तो आपल्याला न विचारता. काका, तुम्हीच सांगा, तुम्ही डुलता की तुमचा झोक जातो?

बायको : डुलतातच. अहो, तोंडात मूग धरलेत का? सांगा की.

रंगारी : आधी डुलायचो.

बायको : आधी म्हणजे?

रंगारी : धाकटी कडेवर होती तोवर.

डॉक्टर : आता केवढी आहे ती?

बायको : एकटी शाळेत जाते... आणि इतकी वर्षं तुम्ही शिडीवर चढत होतात?

रंगारी : शिडीवर धरायला असतं काहीतरी. फजिती सपाट रस्त्यावर. एकदा गल्लीतच झोक गेला. तू दारात उभी, तिला घेऊन. घाबरशील म्हणून तसाच दुसऱ्या अंगाला डुललो, वर गाणंही गुणगुणलो. तू हसलीस. मग तेच चालू ठेवलं.

बायको : आणि मी गल्लीभर मिरवत बसले. फार राग आलाय मला तुमचा.

(डॉक्टर चिठ्ठी लिहायला घेते.)

डॉक्टर : औषधं देते. वाढू नये एवढंच बघायचं आता. घरी जाताना रिक्षा करा.

रंगारी : चार पावलांवर तर घर आहे.

बायको : उठा. हात द्या इकडे. आणि माझ्यासमोर आता डुलू नका.