मुकुंदरावांच्या फोटोखालचा कागद

सुधावहिनी, समितीची मंडळी, जुनी इंदूर आणि पलासियाच्या टीमचे सगळे जुने खेळाडू, आणि मागे दाराजवळ उभे असलेले देपालपुरचे लोक. तुम्ही एवढे जण आलात. मुकुंदराव असते तर त्यांनी विचारलं असतं, ही गर्दी मॅचला कुठे असते?

मला बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही, रडून झालं घरी. मला किळस आलीय. किळस आलेल्या माणसानं शोकसभेत उभं राहू नये म्हणतात. पण बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव तुम्हीच टाकलंत, तर आता ऐका.

मघाशी मी फोटोला हार घातला आणि मागे वळलो, तर आपल्या अध्यक्षांनी माझ्या हातात एक कागद दिला. म्हणाले, श्रीकांत, तू सेक्रेटरी, तुझी तेवढी सही राहिलीय, करून टाक. मी उभ्याउभ्या वाचला. पुढच्या थंडीपासून बेसबॉलची लीग फक्त शहरातल्या क्लबांची. चषकाला मुकुंदरावांचं नाव. आणि देपालपुरच्या दोन्ही टीम बाहेर. भिया, माणसाला जाऊन तेरा दिवस झाले नाहीत अजून. त्याचं नाव ठेवायचं आणि त्याची पोरं काढायची. हे सुचतं कसं आपल्याला?

इथे नवीन मंडळीही आहेत, म्हणून सांगतो. ही लीग आपल्या लोकांनीच सुरू केली. चार टीम. थंडीतले सगळे रविवार, पलासियाच्या मागचं मैदान, आणि अंपायर मुकुंदराव. कायदा एकच होता. मॅच झाली की जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना स्वतःच्या हातानं गराडू वाढायचे. गरम, तळलेले कंदाचे तुकडे, वरून मसाला आणि लिंबू. जिंकलेल्यानं आधी खायचं नाही. मुकुंदराव म्हणायचे, वाकून वाढलं की डोक्यातली हवा आपोआप उतरते.

मग ती फायनल. जुनी इंदूर विरुद्ध पलासिया. मी जुनी इंदूरचा, मुकुंदरावही जुनी इंदूरचे, आमची घरं एकाच गल्लीत. शेवटचा रन घ्यायला मी होम प्लेटकडे धावलो, घसरलो, त्यांच्या कॅचरनं चेंडूसकट ग्लव्ह मला लावला. मुकुंदरावांनी हात वर केला. आउट.

आमचे लोक मैदानात घुसले. आपलाच माणूस असून आपल्यालाच आउट देतो, काय आदमी आहे हा? माझे सख्खे काका सगळ्यात पुढे होते. मुकुंदराव माझ्याकडे बघत होते. आणि मी काय केलं? मी कपडे झटकत राहिलो.

मी आउट होतो. ग्लव्ह माझ्या पोटरीला लागला होता, प्लेटच्या हातभर अलीकडे. मला कळलं होतं. इथे तिसऱ्या रांगेत बसलेल्या निदान चार जणांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. एकानं तोंड उघडलं नाही. त्या दिवशी गराडू कढईशेजारी गार झाले, कुणी कुणाला वाढले नाहीत.

पुढचं तर सांगायलाही लाज वाटते. आपण मराठी माणसं, भांडण झालं की दुसरं काय करणार? समिती फोडली. आता समित्या दोन, नाव तेच, वाद हा की खरी कुणाची. टीम चार, दोन इकडे, दोन तिकडे. मतलब दोन टीमची लीग, पहिली मॅच तीच फायनल. त्यात दोघांनी मैदान मागितलं एकाच रविवारी, एकाच वेळेला, कारण मागे कोण हटणार? मैदानवाला वैतागला आणि त्यानं ते लग्नांना देऊन टाकलं. जिथे पिचर उभा राहायचा तिथे मांडवाचे खड्डे पडले. लीग मेली. आपण दोन्हीकडून म्हणालो, त्यांच्यामुळे मेली.

मुकुंदराव मात्र रविवारी सकाळी देपालपुरची बस धरायला लागले. तिथे शाळेमागे मोकळी जागा होती. धान्याच्या बारदानात रेती भरून बेस केले, सुताराकडून होम प्लेट करून घेतली. शेतकऱ्यांची, हमालांची मुलं आणि मुली गोळा केल्या आणि शून्यापासून शिकवलं. मी एकदा टिंगल केली, मुकुंद भिया, तिकडे कुणाला समजतं बेसबॉल? ते म्हणाले, "इथे समजत होतं ना सगळ्यांना? काय केलंत?"

 

चार-पाच थंड्या गेल्या. आजूबाजूच्या गावांतून टीम यायला लागल्या, पेपरात फोटो आला. आणि फोटो आल्याबरोबर आपण सगळे उठून बसलो. अरे, ही तर आपली लीग. दोन्ही समित्या एका झटक्यात एक झाल्या. गेल्या थंडीत फायनल इंदूरला आणली, मंच बांधला, पाहुणे बोलावले. सत्तरीच्या मुकुंदरावांना सांगितलं, तुमचं वय झालं, अंपायर आम्ही बाहेरून आणतो. मंचावर त्यांना खुर्ची नव्हती. हे मी केलं. मंचावर कोण बसणार ते मी ठरवलं होतं.

शहराच्या टीमही त्यात उतरल्या होत्या; फायनलमध्ये आपण हरलो, देपालपुर जिंकलं. मग त्यांची कॅचर, रेखा, ती बघा दाराशी उभी आहे, आणि तिच्या टीमची मुलं हातात गराडूच्या प्लेटा घेऊन मंचाकडे आली. हरलेल्यांना वाढायला. त्यांना हाच कायदा शिकवलेला होता. आणि आपले लोक काय म्हणाले? आम्ही असलं तेलकट खात नाही, आमचं जेवण आत आहे. एकानंही प्लेट घेतली नाही. मुलं तशीच उभी. मुकुंदराव आले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि रेखाला म्हणाले, "वाढ बेटा. मी यांच्यातलाच आहे, मीही हरलोय."

सुधावहिनी, हे तुम्हाला त्यांनी घरी सांगितलं नसेल. त्यांनी कुणाचं वाईट घरी नेलं नाही कधी.

कागद हातात घेऊन मी फोटोपासून वळलो, तर रेखानं मला तिथेच अडवलं. तिला कागदाचं कुठून तरी कळलंय. विचारते, "सरजी, अगली ठंड में हमारा नाम नहीं आएगा क्या?" ज्या माणसाच्या शोकसभेला ती दोन बस बदलून आली, त्याच्या फोटोखाली तिला हे विचारावं लागलं. आणि आपण तिला बसायला खुर्चीही दिलेली नाही.

हा कागद. मी यावर सही करणार नाही. अध्यक्षजी, माझ्याऐवजी दुसरा सेक्रेटरी नेमता येतो तुम्हाला, नियमात आहे. तिसरी समितीही काढता येते, सवय आहे आपल्याला. पण देपालपुरला काढायचं असेल तर निदान मुकुंदरावांचं नाव चषकावर घालू नका. सुधावहिनींची तेवढी तरी लाज राखा.

आता श्रद्धांजली. सगळ्यांनी उभं राहायचं, दोन मिनिटं मौन पाळायचं. त्यात आपण तरबेज आहोत, मी आउट असताना सगळ्या मैदानानं पाळलं होतं. म्हणून आज एवढंच करा. दोन मिनिटं झाली की ज्यांना या कागदावर सही हवी आहे त्यांनी खाली बसावं. ज्यांना नको आहे त्यांनी उभं राहावं, सुधावहिनींना आणि त्या मुलीला दिसेल असं.

मुकुंदराव, माझा नमस्कार घ्या. उठा, मंडळी.